नळीतले रक्त आणि माणूस

उत्तम,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही, तेव्हा म्हाताऱ्याला दुःखाने बोलवेना असा अर्थ लोकांनी काढला. तो चुकीचा आहे. मला पुष्कळ बोलायचे होते. पण माझ्या आधीच्या वक्त्यांनी तुझ्याबद्दल जे सांगितले ते दुरुस्त करण्यातच सभा संपली असती, आणि सुमनवहिनी समोरच बसल्या होत्या. म्हणून हे तुलाच लिहितो. थकलो आहे, मधे मधे थांबेन. तू घाई करू नकोस.

पहिल्याने सांगितले की डॉक्टरसाहेबांचा आवाज आयुष्यात कधी चढला नाही. सरकारी रुग्णालयात तुझा वॉर्ड वरच्या मजल्यावर आणि माझी प्रयोगशाळा तळमजल्यावर होती, तरी तुझा राग मला जिन्यातून ऐकू येत असे. तुझा फोन आला की माझे तंत्रज्ञ रिसिव्हर कानापासून हातभर लांब धरत. दुसऱ्याने तुला 'देवमाणूस' म्हटले. तू एकदा माझ्या एका सज्जन सहकाऱ्याला सर्वांदेखत 'थर्मामीटर' म्हणाला होतास, कारण त्याला जे दिसते तेवढेच तो सांगतो आणि पुढचा विचार करत नाही. देव असे बोलत नाहीत.

तिसरा तुझा विद्यार्थी. त्याने ती दिग्रसकडच्या बाईची गोष्ट सांगितली, आणि मला खुर्चीचा हात घट्ट धरावा लागला. त्याच्या कथनात डॉक्टरसाहेबांनी प्रयोगशाळेची चूक पकडली आणि प्रयोगशाळाप्रमुख खजील झाले. प्रयोगशाळाप्रमुख म्हणजे मी. मी खजील झालो नव्हतो. घडले ते असे. त्या बाईची मूत्रपिंडे बिघडली होती, आणि तिच्या रक्तातले पोटॅशियम इतके चढलेले आले की त्या आकड्याला माणूस जिवंत राहणे कठीण. मी तातडीने वर कळवले. तुझा उलट फोन आला.

"वकील, तुही मशीन पागल झाली का बे? बाई इथं भाकर कडक झाली म्हून सुनेले शिव्या देऊन राह्यली, आन् तू मले तिचं हृदय बंद पडते म्हून सांगून राह्यला!"

मी म्हणालो, "यंत्र व्यवस्थित आहे. रक्त कोणी काढले ते विचार."

"तू रागात शुद्ध बोलतं नं, तवा मले लय भेव वाटते."

रक्त एका शिकाऊ डॉक्टरने बारीक सुईतून जोर लावून ओढले होते. अशा ओढण्याने रक्तपेशी फुटतात आणि त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर सांडते. मी स्वतः जिना चढून आलो, दुसऱ्या हातातून सावकाश रक्त घेतले, आणि अहवाल जसा असायला हवा होता तसा आला. तेव्हा तुझ्या तोंडावर मी म्हणालो, की आकडा नळीतल्या रक्ताचा असतो; तो माणसाचा आहे की नाही ते नळी सांगत नाही. ते वाक्य माझे आहे. पुढे तू ते प्रत्येक तुकडीला स्वतःचे म्हणून ऐकवलेस, आणि परवा तुझ्या फोटोखाली तुझ्या नावाने छापलेले मी पाहिले. त्यावर आता मी वाद घालत नाही. नोंद असावी, एवढेच.

वकील हे नावही, मी प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून, तूच मला दिलेस. कळंबच्या शेतकऱ्याचा मुलगा मी, बोरी अरबजवळच्या तांड्यातला तू. माझ्या घरची वऱ्हाडी तू माझ्यापेक्षा चांगली बोलायचास. तुझी बंजाऱ्यांची गोरबोली मात्र मी इतक्या वर्षांत शिकलो नाही. शेवटच्या आजारात तू ग्लानीत त्याच भाषेत बोलत होतास. एवढे कळले की याडीला, आईला, हाक मारतो आहेस. त्याच्या पुढचे कळले नाही, आणि ती भाषा कळणाऱ्या वहिनी तेव्हा खाली औषधे आणायला गेल्या होत्या. जे बोललास ते माझ्यासमोर बोललास आणि वाया गेले. हे मला फार लागले आहे.

आता तुझ्या मरणाविषयी. तुझे नातेवाईक म्हणतात की रक्त गाळणाऱ्या यंत्राने तुला शोषून घेतले, दर थोड्या वेळाने सिस्टर रक्त काढून नेत होत्या, माणसात रक्त राहिलेच नाही. दारव्ह्याहून आलेल्या तुझ्या मेहुण्याने हे माझ्या अंगणात उभे राहून सांगितले. त्याला मी म्हटले, उत्तम त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याने मेला. तो रागावून निघून गेला. पण ते खरेच आहे. तीन तालुक्यांतल्या मधुमेह्यांना रोज तळपाय पाहायला सांगणारा माणूस स्वतः मधुमेही असून अंगठ्याची जखम मोज्यात लपवत राहिला, आणि तशाच पायाने कळंबच्या चिंतामणीला अनवाणी जाऊन आला. मी विचारले तर म्हणालास, "बूट चावला बे." पायातला संसर्ग रक्तात गेला, रक्तदाब ढासळला, मूत्रपिंडे बंद पडली. याबद्दल मी तुझ्यावर रागावलो आहे, आणि हा राग कुणाकडे सोपवावा तर तूच हवा होतास.

ज्या यंत्राला दोष देतात ते, सरकारी नोकरीनंतर तू जिथे काम केलेस आणि शेवटी जिथे दाखल झालास त्या खाजगी रुग्णालयात, तूच आणायला लावले होतेस. साधे डायलिसिस काही तासांत उरकते. पण ज्याचा रक्तदाब आधीच तळाला गेला आहे त्याला ती घाई झेपत नाही. त्याच्यासाठी हे दुसरे यंत्र, सीआरआरटी, रात्रंदिवस संथ चालणारे. तू संचालकांना सांगितले होतेस, की यंत्र घेतले म्हणजे काम झाले असे नाही, खरे काम रक्ताच्या नमुन्यांचे आहे. यंत्र अखंड चालते, शरीरातले क्षार अखंड बदलतात, आणि आपल्याला ते फक्त नमुन्यातून दिसतात. नमुना खोटा तर पुढचा प्रत्येक निर्णय खोटा. हे तू माझ्याकडून शिकलास असे मी म्हणत नाही. पण ते बोलताना माझ्याकडे पाहत होतास.

तुझी शिस्त मी जवळून पाहिली आहे. सलाइन लावलेल्या हातातून रक्त घ्यायचे नाही. धमनीतल्या नळीत आधीचे खारे पाणी असते, म्हणून पहिले रक्त बाजूला ओढायचे, मग नमुना घ्यायचा, आणि बाजूचे रक्त त्याच बंद नळीतून माणसाला परत द्यायचे, फेकायचे नाही. मोठ्या माणसालाही लहान मुलांच्या छोट्या नळ्या वापरायच्या, कारण वारंवार घेतलेले थोडे थोडे मिळून फार होते. मेहुण्याला हे कोणी सांगावे? ज्याने उभ्या जिल्ह्यात सर्वांत कंजूषपणे रक्त काढायला शिकवले, त्याचेच रक्त लोकांनी उधळले म्हणे! तू अतिदक्षता कक्षात पडून होतास तेव्हाही, सिस्टर मनगटाशी आली की डोळे न उघडता एक बोट वर करायचास. पहिले रक्त बाजूला काढले का, असे विचारणारे ते बोट होते. "हो सर, काढलं," असे ती म्हटल्याशिवाय ते खाली येत नसे.

आणि तुझा तो चहा. त्याबद्दल आपला वाद अपुरा राहिला. तुझ्या कक्षात ज्याने स्वतःची चूक स्वतः येऊन सांगितली, त्याला दुपारचा पहिला चहा तुझ्यासमोर खुर्चीत बसून मिळायचा. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा उखडलो होतो. माझ्या प्रयोगशाळेत चुकीचा नमुना दारातून परत जायचा आणि आणणाऱ्याला दोन शब्द ऐकावे लागायचे.

मी म्हणालो, "चुकीला बक्षीस देतोस?"

"बक्षीस नाही बे. बसवतो. उभ्या माणसाच्या तोंडातून अर्धीच गोष्ट निघते."

"आणि चहा कशाला?"

"मंग का तुह्यासारखं निस्तं तोंड पाहत बसवू त्याले?"

मी म्हणालो की धाकाने माणसे नीट काम करतात. तू म्हणालास की धाकाने माणसे नीट लपवतात. हे आपण बरीच वर्षे बोललो, आणि एकमेकांना पटवू शकलो नाही. तू जिंकला नाहीस, हे स्पष्ट लिहितो.

आता त्या दुपारचे, ज्यावरून सगळे पेटले. मी आणि तुझा निखिल, दोघेही भेटीच्या वेळेत तुझ्या पलंगाशी उभे होतो. यंत्राच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट सोडतात. ते रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, आणि शरीराला लागणारे कॅल्शियम वेगळ्या नळीने परत देतात. म्हणून नमुने दोन घ्यावे लागतात. एक तुझ्या धमनीतला, ज्यात कॅल्शियम नेहमीएवढे असावे. दुसरा यंत्राच्या गाळणीनंतरचा, ज्यात ते फार कमी असावे. दोन्ही रक्ते तुझीच, दोन्ही लाल. अदलाबदल झाली तर डॉक्टरला वाटते रुग्णाचे कॅल्शियम घसरले, तो ते वाढवतो, आणि ज्याला काही कमी नव्हते त्याचे हृदय धोक्यात येते.

अदलाबदल झाली. शीतल सिस्टर, उमरखेडची, तूच तयार केलेली, तिने दोन्ही सिरिंजवर रक्त काढण्याआधीच चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या. शेजारच्या पलंगाचा अलार्म वाजला, ती तिकडे वळली, परत आली आणि हाताला आली ती सिरिंज घेतली. आकडे आले. तरुण डॉक्टर कॅल्शियमचा वेग वाढवायला पंपाकडे वळला. शीतलने एकदा कागदाकडे पाहिले, एकदा तुझ्या हृदयाच्या आलेखाकडे; कॅल्शियम घसरल्याची खूण त्यात नव्हती.

"सर, थांबा. हात लावू नका. या दोन्ही माझ्याकडून उलट्या झाल्या. मी आधीच लेबल लावले होते."

सगळ्यांसमोर, निखिलच्या समोर, मोठ्याने. डॉक्टरचा हात पंपावरून मागे आला. तिने पुन्हा दोन नमुने घेतले, एक घेऊन त्यावर चिठ्ठी, मग दुसरा, आणि ते जसे असायला हवे तसे आले. पंपाचा वेग बदललाच नाही. ती बोलली त्या क्षणी तुझा हात हलला. वहिनी म्हणतात तू हसलास. पण त्या तिथे नव्हत्या. निखिल म्हणतो ती नुसती शीर उडाली. मी म्हणतो की हात हलला. त्याहून अधिक मी पाहिले नाही, आणि जे पाहिले नाही ते मी कधी अहवालात लिहिले नाही.

बाहेर आल्यावर मी तिला गाठले आणि खरडपट्टी काढली. सिरिंज रिकामी असताना तिच्यावर नाव लिहिणे म्हणजे न जन्मलेल्याचा दाखला काढणे, असे म्हणालो. ती खाली मान घालून म्हणाली, "सर, तुमचं खरंय. पण उत्तम सरांना सांगू नका. मीच सांगते, शुद्धीवर आले की." तू नीट शुद्धीवर आला नाहीस. काही दिवसांनी सकाळी गेलास.

तेरवीनंतर निखिलने तक्रार दिली, की सिस्टरच्या चुकीमुळे बाबा गेले, तिला काढून टाका. संचालकांनी मला साक्षीला बोलावले. मी हजर होतो म्हणून, आणि नमुन्यांच्या बाबतीत मी कुणाला सोडत नाही हे सर्वांना ठाऊक होते म्हणूनही. निखिल स्वतः सांगायला आला होता, "काका, तुम्ही असाल तर मला काळजी नाही." त्याला मी खांद्यावर घेऊन आपल्या गावच्या आझाद मैदानातली जत्रा दाखवली आहे. मी नाही म्हटले तर तो मला काका म्हणणार नाही, आणि हो म्हटले तर एका बाईची नोकरी जाईल. वहिनींना विचारले. त्या भाजी निवडत होत्या, वर न पाहता म्हणाल्या, "भाऊजी, मले कोणाच्या पोटावर पाय द्याचा नाही. पण मले कोणी फसवू बी नये. खरं अशीन ते सांगा, आन् घरी येऊन मले बी तेच सांगा."

चौकशीच्या खोलीत मला खुर्ची दिली, निखिलला दिली. शीतल उभी होती. तिने बोलायला सुरुवात केली, आणि दोन वाक्यांत तिचा आवाज बसला. अलार्मचा उल्लेख राहिला, डॉक्टरला पंपापाशी थांबवल्याचाही राहिला. मी म्हटले, तिला बसायला द्या. तुझा युक्तिवाद मान्य केला असे समजू नकोस. मला तिचे बोलणे ऐकू येत नव्हते.

मग मी बोललो. मी सांगितले की चूक झाली, ती गंभीर होती, आणि तिच्याबद्दल समज द्यायलाच हवी. पण त्या चुकीने उपचारात एक थेंबही बदल झाला नाही. पंपाची नोंद पाहा, आलेख पाहा, दुसरे नमुने पाहा. उत्तम गेला तो संसर्गाने. या बाईंनी चूक सांगितली नसती तर ती कुणालाही कळली नसती. तिथे सर्वांत जाणकार मी होतो आणि मलाही कळली नव्हती. यांना काढलेत तर पुढच्या वेळी अदलाबदल होईल आणि खोलीत कोणी बोलणार नाही. तेव्हा पलंगावर कोण असेल ते मला माहीत नाही. माझेही वय झाले आहे.

निखिल उठून उभा राहिला. "काका, चुकीला माफी नाही असं तुम्हीच आयुष्यभर म्हणत आलात ना?"

"आजही म्हणतो. माफी मागितली आहे कुणी? मी काय घडले ते सांगतो आहे."

"तुम्ही बाबांच्या बाजूचे आहात की या सिस्टरच्या?"

मी म्हणालो, "तुझ्या बापाच्या बाजूने मी एकदाही बोललो नाही. तोंडावर नाही, पाठीमागेही नाही. आज काय ते तू ठरव."

शीतलला लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. वहिनींना मी घरी जाऊन सगळे जसेच्या तसे सांगितले. त्यांनी ऐकले, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ठीक आहे, भाऊजी." निखिल दुसऱ्या दिवशी पुण्याला निघाला. गाडी माझ्या फाटकाशी थांबवली, पण उतरला नाही. काच खाली करून विचारले, "त्या चुकीने खरंच काही झालं नाही?"

"नाही."

"झालं असतं तर सांगितलं असतंत?"

"सगळ्यात आधी."

त्याने मान हलवली, काच वर केली आणि गेला. त्याला पटले असे मी म्हणत नाही.

त्याला एक गोष्ट मी सांगितली नाही, वहिनींनाही नाही. साक्षीच्या आधी मी तुझे सगळे अहवाल मागवून घेतले होते. संचालकांना वाटले, म्हातारा तयारी करतो आहे. मी चूक शोधत होतो, उत्तम. पाणी मिसळलेला एखादा नमुना, सलाइनच्या हातातून घेतलेले रक्त, उशिरा पोहोचलेली एखादी नळी, न वाचलेला एखादा आकडा. सापडली असती तर मी निखिलच्याही पुढे उभा राहिलो असतो. कुणाला सोडले नसते. दोष द्यायला मलाही कोणीतरी हवे होते. ओसरीवर बसून, चष्मा पुसून पुसून मी ते वाचले. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याशी जुळत होता. जिथे उपचार बदलायला हवा होता तिथे तो बदलला होता. ती एक अदलाबदल तिथल्या तिथे दुरुस्त झाली होती. बाकी सगळे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, मी स्वतः घेतले असते तसेच होते. तुझे नमुने बरोबर होते, उपचार बरोबर होते, आणि तू गेलास. मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचले. खोडून काढण्यासारखे त्यात मला काहीही सापडले नाही.